पांढरं रेशनकार्ड आणि मयताचा सातबारा: एका हृदयशस्त्रक्रियेचं प्रकरण

पार्श्वभूमी

सुनंदाबाई (नाव बदललं आहे) धाराशिव जिल्ह्यात, बीडच्या हद्दीला लागून असलेल्या एका गावात राहतात. प्रकरण घडलं तेव्हा त्यांचं वय ४४ होतं. घरात नवरा माधवराव, सासूबाई आणि दोन मुलं. थोरला मुलगा नुकताच वाळूजच्या एमआयडीसीत एका कंत्राटदाराकडे लागला होता. शेत अडीच एकर, सगळं कोरडवाहू. खरिपात सोयाबीन, पाऊस लांबला नाही तर रब्बीत हरभरा. माधवरावांचे थोरले भाऊ जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक असून लातूरला स्थायिक झालेले. वडील २०१७ मध्ये गेले. जमिनीची तोंडी वाटणी झाली, पण सातबारा वडिलांच्याच नावावर राहिला. दोन बहिणींकडून हक्कसोड करून घेऊ आणि मगच वारस नोंद करू, असं भावांनी ठरवलं होतं. धाकट्या बहिणीने सही दिली नाही आणि विषय तिथेच पडून राहिला.

२०२२ च्या सोयाबीन काढणीत सुनंदाबाईंना धाप लागायला सुरुवात झाली. तालुक्याच्या दवाखान्यात दम्याची औषधं मिळाली आणि हिवाळाभर तीच चालली. रात्री आडवं झालं की जीव गुदमरायचा, म्हणून त्या भिंतीला टेकून बसूनच झोपायच्या. गावच्या आशाताईंनी पायांवरची सूज पाहिली आणि त्यांना शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवलं. तिथे इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली. हृदयाची माइट्रल झडप आकसली होती. लहानपणी घसा धरून आलेल्या संधिवाताच्या तापाचा हा जुना परिणाम होता. फुगा घालून झडप उघडता येते, पण यांच्या झडपेवर चुना साचला होता आणि गळतीही होती. झडप बदलणं हाच इलाज होता. त्या रुग्णालयात उघड्या हृदयाच्या शस्त्रक्रियेची सोय नव्हती. छत्रपती संभाजीनगरच्या खासगी रुग्णालयाने सांगितलेला खर्च तीन लाखांच्या वर होता.

आम्ही काही जण तालुक्यात रुग्णांना योजनांच्या कागदपत्रांसाठी मदत करतो. हे कुटुंब २०२३ च्या सुरुवातीला आमच्याकडे आलं.

अडचण

“योजना हाय की, मग पैसे कशाला लागतेत?” माधवरावांचा पहिला प्रश्न हा होता, आणि तो रास्त होता. योजना होतीच, एक नव्हे तर अनेक. अडचण अशी की प्रत्येक योजनेचा खिसा वेगळा होता, आणि ज्याचा खिसा तो आपल्या पद्धतीने माणूस ओळखायचा.

पहिला खिसा केंद्र आणि राज्य मिळून भरतात. आयुष्मान भारत ही योजना सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. तिच्यात कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार होतात, आणि खर्चात केंद्राचा वाटा ६० तर राज्याचा ४० टक्के असतो. पण तेव्हा केंद्र ज्या कुटुंबांसाठी पैसे द्यायचं, ती २०११ च्या सामाजिक-आर्थिक जातनिहाय गणनेतून निवडलेली होती. त्या गणनेच्या वेळी हे घर एकत्र होतं आणि घरात सरकारी नोकर होता. सरकारी नोकर असलेलं घर आपोआप वगळायचं, असा नियम होता. पुढे भाऊ वेगळे झाले, चुली दोन झाल्या, यादी मात्र तीच राहिली.

दुसरा खिसा एकट्या राज्याचा. राजीव गांधी जीवनदायी योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात मराठवाड्यातला फक्त नांदेड होता. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर लागू झाली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिबा फुले यांचं नाव मिळालं. यात राज्य सरकार कुटुंबामागे विमा कंपनीला हप्ता भरायचं आणि कंपनी रुग्णालयाला ठरलेल्या पॅकेजप्रमाणे पैसे द्यायची. २०२३ मध्ये संरक्षण दीड लाखाचं होतं. पात्रता रेशनकार्डाच्या रंगावर होती, म्हणजे पिवळं किंवा केशरी. एक लाखापेक्षा जास्त वार्षिक उत्पन्नाला पांढरं कार्ड मिळतं. शिक्षक भावाच्या पगारामुळे या घराचं सामाईक कार्ड पांढरं होतं.

तिसरा खिसा कामगार आणि मालकाच्या वर्गणीचा, म्हणजे ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा). पगाराच्या ०.७५ टक्के कामगाराचे, ३.२५ टक्के मालकाचे. महिन्याला २१ हजारांपर्यंत पगार असलेल्यांना ती लागू होते आणि अवलंबून असलेल्या आईवडिलांनाही तिचा लाभ मिळू शकतो. थोरल्या मुलाच्या पगारातून कपात सुरू झाली होती. पण हृदयशस्त्रक्रियेसारख्या मोठ्या उपचारांसाठी आधी ठरावीक काळ वर्गणी भरलेली लागते, आणि त्याची नोकरी अजून कोवळी होती.

चौथा खिसा धर्मादाय रुग्णालयांचा. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क-क नुसार अशा रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी रुग्णालय आपल्या एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम बाजूला काढतं. महिना सरत आला की हा निधी संपल्याचं उत्तर मिळतं, हा अनुभव आमच्या भागातल्या बऱ्याच कुटुंबांना आहे.

चारही खिशांत पैसा होता, आणि चारही ठिकाणी हे घर दारात अडलेलं होतं. ते श्रीमंत होतं म्हणून नव्हे. त्याची गरिबी कुठल्याच खात्याच्या कागदात बसत नव्हती.

तोललेले पर्याय

घरच्यांनी पहिल्यांदा काढलेला मार्ग एक एकर विकण्याचा होता. पण नावावर नसलेली जमीन विकायची कशी? मग गहाणाचं सोनं आणि खासगी सावकार. माधवरावांनी एकाशी बोलणीही केली होती. व्याज शेकडा तीन, महिन्याला. तीन लाखांवर महिन्याला नऊ हजार फक्त व्याज. अडीच एकर कोरडवाहूत ते कधीच फिटलं नसतं.

दुसरा मार्ग रेशनकार्ड विभक्त करण्याचा होता. भावाचं नाव कमी करायचं, तहसीलदारांकडून उत्पन्नाचा दाखला घ्यायचा, केशरी कार्ड काढायचं. कायमचा उपाय म्हणून हाच चांगला, पण पुरवठा शाखेतून कार्ड हाती येईपर्यंत किती दिवस जातील, हे सांगता येत नव्हतं. डॉक्टरांनी महिन्याभरात शस्त्रक्रिया करा असं बजावलं होतं.

तिसरा मार्ग पुण्यातल्या धर्मादाय रुग्णालयाचा आणि सोबत मुख्यमंत्री सहायता निधीसाठी अर्ज. दोन्हीत पैसे मिळण्याची शक्यता होती, खात्री नव्हती. शिवाय पुण्यात राहण्याचा, खाण्याचा खर्च वेगळा.

चौथा मार्ग फार जणांना माहीत नसतो. शेतकरी आत्महत्यांमुळे राज्याने १४ जिल्हे वेगळे काढले. त्यात मराठवाड्याचे आठही जिल्हे, अमरावती विभागाचे पाच आणि वर्धा येतो. या जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यालाही राज्याने फुले योजनेत घेतलं होतं. कागद दोनच लागायचे. पांढरं कार्ड, आणि रुग्णाच्या किंवा कुटुंबप्रमुखाच्या नावाचा सातबारा. सातबारा नसेल तर ही व्यक्ती शेतकरी किंवा शेतकऱ्याच्या कुटुंबातली आहे, असा तलाठ्याचा दाखला चालायचा.

आम्ही या चौथ्या मार्गावर जोर द्यायचं ठरवलं. त्यात रक्कम ठरलेली होती, हक्क लिहिलेला होता आणि कुणाच्या मेहेरबानीची गरज नव्हती. रेशनकार्डाचा अर्जही त्याच आठवड्यात टाकून दिला.

पहिला निर्णय: वारस नोंद

तलाठ्यांनी दाखला द्यायला नकार दिला. “खातेदार मयत आहे. मयताच्या नावावर तुम्हाला शेतकरी कसं म्हणू?” त्यांची अडचण खरी होती. चुकीच्या दाखल्याची जबाबदारी शेवटी त्यांच्यावरच येते. त्यांनीच वाट सांगितली: वारसाचा अर्ज द्या, गाव नमुना ६-क मध्ये वारसांची नोंद करतो, फेरफार रीतसर नोटिशीने पुढे मंजूर होईल, पण ६-क च्या आधारावर दाखला आज देता येईल.

६-क मध्ये वारस लिहायचे म्हणजे सगळेच लिहायचे: आई, दोन भाऊ आणि दोन्ही बहिणी. हक्कसोड झालेली नसताना बहिणींची नावं गाळता येत नाहीत. थोरले भाऊ यावर अडले. एकदा नावं लागली की पुढे वाटणीचं त्रांगडं होईल, असं त्यांचं म्हणणं. बैठक लातूरला त्यांच्या घरी झाली. माधवराव सहसा मोठ्या भावापुढे बोलत नाहीत. त्या दिवशी एवढंच म्हणाले, “दादा, जमीन कुठं जाणार हाय? माणूस चाललंय माझं.” थोरल्या भावाने मृत्यूचा दाखला कपाटातून काढून दिला आणि स्वतः अर्जावर सही केली.

या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय मी हाच मानतो. सुनंदाबाईंच्या उपचाराचा मार्ग मोकळा झाला आणि पाच वर्षं अडून राहिलेला लेकींचा हक्कही कागदावर आला. पोलीस पाटील आणि शेजारच्या दोन शेतकऱ्यांच्या सह्यांनी पंचनामा झाला. धाकटी बहीण गावी आली ती भावजयीच्या सोबतीला दवाखान्यात राहायची तयारी ठेवूनच. दाखला मिळाला.

दुसरा निर्णय: वरचे पैसे

छत्रपती संभाजीनगरातल्या, योजनेच्या यादीतल्या एका खासगी रुग्णालयात आरोग्यमित्राने, म्हणजे योजनेच्या तिथल्या प्रतिनिधीने, नोंदणी करून घेतली. ऑनलाइन पूर्वपरवानगीचा अर्ज गेला आणि मंजुरी आली. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी रुग्णालयाच्या एका कर्मचाऱ्याने माधवरावांना बाजूला बोलावलं. योजनेत साधी झडप बसते, चांगली बाहेरच्या देशातली हवी असेल तर चाळीस हजार वरचे द्या, पावती मिळणार नाही.

घरच्यांनी पैसे जमवायला घेतले होते. जिवाच्या भीतीपुढे माणूस दुसरं काय करणार? तक्रार करावी तर उद्या त्याच लोकांच्या हातात पेशंट. आम्ही दोन मार्ग तोलले: आता पैसे देऊन नंतर योजनेच्या जिल्हा समन्वयकाकडे तक्रार करायची, किंवा आताच विचारायचं. पावतीशिवाय दिलेल्या पैशाचा पुरावा राहत नाही, म्हणून आताच विचारायचं ठरलं. तेही भांडून नाही. आरोग्यमित्राला सोबत घेऊन एक साधा अर्ज दिला. पॅकेजमध्ये कोणती झडप येते, आणि दुसरी हवी असेल तर तिची वैद्यकीय गरज डॉक्टरांनी लिहून द्यावी.

उत्तर शल्यचिकित्सकांनीच दिलं, वॉर्डात येऊन. या वयाला धातूची यांत्रिक झडप योग्य. ती वर्षानुवर्षं टिकते, फक्त रक्त पातळ राहण्याची गोळी आयुष्यभर घ्यावी लागते. प्राण्याच्या पेशींपासून केलेल्या झडपेला ही गोळी सहसा थोडेच दिवस लागते, पण काही वर्षांनी ती झिजते आणि पुन्हा छाती उघडावी लागते. पॅकेजमधली झडप यांत्रिकच होती. चाळीस हजारांचा विषय पुन्हा निघाला नाही.

ही मागणी बेकायदा होती आणि तिचं समर्थन होऊ शकत नाही. तरीही ती उगवते कुठून, हे पाहिलं पाहिजे. पॅकेजचा दर सरकार ठरवतं आणि तो महागाईबरोबर दरवर्षी हलत नाही. क्लेमचे पैसे उशिरा मिळतात, अशी तक्रार रुग्णालयं सतत करतात. योजनेत पैसा कमी पडला की त्याचा फरक कुठूनतरी वसूल होतो, आणि वसूल करायला सगळ्यात सोपा माणूस म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या दाराशी बसलेला नातेवाईक.

परिणाम

शस्त्रक्रिया नीट झाली. रुग्णालयाचं बिल कुटुंबाला भरावं लागलं नाही. तरीही जाणं-येणं, सोबतच्या माणसाचं जेवण, आधीच्या तपासण्या आणि बुडालेली मजुरी धरून घरचे तीसेक हजार गेले. त्यातले काही भावाने दिले, काही बचत गटातून उचलले.

खरी ओढाताण नंतरची. सुटी झाल्यावर थोड्या दिवसांची औषधं योजनेतून मिळतात, पुढची बहुतेक जबाबदारी घराची. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीचा डोस आयएनआर तपासणीवर, म्हणजे रक्त किती लवकर गोठतं ते पाहणाऱ्या तपासणीवर, ठरतो. ती सुरुवातीला वरचेवर आणि नंतर दर महिन्याला करावी लागते. गावाजवळ ती फक्त खासगी लॅबमध्ये होत होती. एखादा महिना पैशासाठी तपासणी टळली आणि डोस चुकला तर झडपेवर गुठळी होऊ शकते किंवा मेंदूत रक्तस्राव. विम्याने लाखाची झडप बसवली आणि ती चालू ठेवणारी काही शे रुपयांची तपासणी मात्र योजनेबाहेर ठेवली.

देशपातळीवरही चित्र याच्याशी जुळतं. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. घट मोठी आहे. पण उरलेल्या वाट्यात रोजची औषधं आणि बाह्यरुग्ण तपासण्यांचा भाग मोठा आहे, आणि रुग्णालयात दाखल झाल्यावरच सुरू होणारा विमा तिथे पोहोचतच नाही.

गावाने विचारलेला प्रश्न

सुनंदाबाई परतल्यावर गावातल्या बचत गटांच्या बायकांनी एक सूचना मांडली. आपणच घरटी महिन्याला २० रुपये काढून गावाचा आरोग्यनिधी का करू नये? शेजारच्या कर्नाटकात सहकारी संस्थांच्या सभासदांनी वर्षाला ६० रुपये भरून २००३ मध्ये यशस्विनी ही आरोग्य विमा योजना चालवायला घेतली होती, हे कुणीतरी ऐकून होतं.

आम्ही बसून हिशेब मांडला. गाव साधारण ३०० उंबऱ्यांचं. २० रुपयांप्रमाणे वर्षाला ७२ हजार जमतात. एकाच झडपेने निधी दोन वर्षं मागे जातो, आणि त्याच वर्षी दुसऱ्या घरात कॅन्सर निघाला तर सगळं संपलं. समजा, दर ३०० घरांत वर्षाला एकच दीड लाखाचं आजारपण येतं. मग घरटी खर्च पाचशे रुपये होतो. एका गावात कुठल्या वर्षी एकही येणार नाही, कुठल्या वर्षी तीन येतील. कोटभर घरांत मात्र आकडा जवळपास स्थिर राहतो, म्हणून हप्ता ठरवता येतो. शिवाय वर्गणी ऐच्छिक ठेवली तर आधी आजारी माणसाचं घर येतं आणि धडधाकट मागे राहतात. यशस्विनीला हजारो सहकारी संस्थांची आणि सरकारी मदतीची साथ होती. एका गावाला ती कुठून?

बायकांनी शहाणपणाचा निर्णय घेतला. विमा सरकारकडेच मागायचा, आणि गावाचा निधी फक्त प्रवास, तपासण्या आणि गोळ्यांसाठी बिनव्याजी ठेवायचा. सुनंदाबाईंची आयएनआर तपासणी पहिल्या वर्षी त्यातूनच झाली.

१ जुलै २०२४ नंतर

२८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने राज्याने योजना सगळ्यांना खुली केली आणि १ जुलै २०२४ पासून ती लागू झाली. संरक्षण दीड लाखावरून ५ लाखांवर गेलं, उपचार १३५६ झाले, पांढरं कार्डही चालू लागलं. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं आणि त्यावरील प्रत्येकाला उत्पन्नाची अट न लावता आयुष्मानचं वेगळं कार्ड मिळतं, ते सासूबाईंचं निघालं. आज हेच प्रकरण आलं असतं तर रेशनकार्ड आणि आधार पुरलं असतं. दार रुंद झालं, हे मनापासून स्वागतार्ह आहे.

पण खिसा त्या प्रमाणात खोल झाला का? लाभार्थी वाढले आणि पैसा तेवढा वाढला नाही, तर दर गोठतात, क्लेम रखडतात आणि चाळीस हजारांची मागणी परत येते. केंद्र आयकरावर ४ टक्के आरोग्य व शिक्षण उपकर घेतं, पण घटनेच्या कलम २७० मुळे उपकरातला वाटा राज्यांना द्यावा लागत नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारचा आरोग्यखर्च देशाच्या सकल उत्पादनाच्या अडीच टक्के करायचं ठरवलं होतं. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता.

महाराष्ट्राला याबाबत स्वतःचा अनुभव आहे. १९७२ च्या दुष्काळातून उभ्या राहिलेल्या रोजगार हमीसाठी राज्याने १९७५ मध्ये व्यवसाय कर आणला. पगारदारांनी भरायचा, राज्याने तिजोरीतून जोड द्यायची आणि गावाकडच्या हाताला काम मिळायचं. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत त्या खडीफोडीच्या मजुरीवर लेकरं वाढली. आरोग्यासाठी असाच राखीव निधी उभारता येईल. मात्र व्यवसाय कराची मर्यादा कलम २७६ ने वर्षाला २,५०० रुपयांवर बांधली आहे आणि ती १९८८ पासून हललेली नाही. ती वाढवायची तर संसदेत जावं लागेल. तोवर बांधकाम खर्चावरच्या १ टक्का उपकरासारखे कामगार कल्याणाचे निधी आहेत, ते आरोग्याशी जोडता येतात. राजस्थानने २०२१ मध्ये आपल्या आरोग्य विमा योजनेच्या मोफत गटाबाहेरच्या कुटुंबांकडून वर्षाला ८५० रुपये घेऊन त्यांना त्याच योजनेत घेतलं. ज्यांना परवडतं त्या पांढऱ्या कार्डधारकांकडून असा वाटा घ्यायला माझी हरकत नाही. अट एकच: योजना आणि रांग सगळ्यांची एकच राहावी. शिक्षक भाऊ आणि शेतकरी भाऊ एकाच योजनेत असले की तिच्या दर्जाबद्दल बोलणारा आवाज मोठा होतो.

वेगळं काय करता येईल

वारस नोंद आजारपणाआधी झालेली असली तर या प्रकरणात पंधरा-वीस दिवस वाचले असते. आजही ती गावागावांत रखडलेली असते, आणि आरोग्य योजनेपुरती तिची गरज संपली तरी पीकविमा आणि कर्जाला ती लागतेच. वेगळं झालेल्या भावांनी रेशनकार्डही तेव्हाच विभक्त करावं. वरचे पैसे मागितले तर विचारणा लेखी आणि शस्त्रक्रियेआधी करावी, आणि आरोग्यमित्राला सोबत घ्यावं. झडप बदललेल्या रुग्णाची आयएनआर तपासणी आणि गोळी निदान तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात मोफत मिळावी, असं निवेदन आम्ही जिल्हा आरोग्य यंत्रणेकडे दिलं आहे आणि त्याचा पाठपुरावा चालू आहे.

सगळ्यात स्वस्त उपाय मात्र तीस वर्षांपूर्वी चुकला. लहानपणीच्या घसादुखीवर वेळीच पेनिसिलिन मिळालं असतं, किंवा ताप येऊन गेल्यावर दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन चालू राहिलं असतं, तर झडप बहुधा वाचली असती. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळा-अंगणवाड्यांत मुलं तपासतात आणि हा हृदयरोग त्यांच्या यादीत आहे. आमच्या तालुक्यात पथक येणार असलं की आता आशाताई आणि बचत गटाच्या बायका, ऊसतोडीला गेलेल्या घरांची मागे राहिलेली लेकरंही त्या दिवशी शाळेत असतील, याची आधीच तजवीज करतात.